लेस्टरचा दमा आणि मुलुंडचा दमा: गंभीर दमा सगळीकडे एकच असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका ताईंना, वय ४६, वीसेक वर्षांपासून दमा आहे. धाकटी बहीण लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली, तिलाही दमाच. तिथल्या डॉक्टरांनी तिचा दमा 'सिव्हिअर' ठरवला, दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन सुरू केलं आणि आता तिचं बरं चाललंय. इकडे ताईंना वर्षातून तीन-चारदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, पावसाळ्यात नेब्युलायझर लावून घ्यावा लागतो आणि इंजेक्शनचा विषय कुणी काढलेला नाही. त्या विचारतात: एकाच आईबापाच्या दोन मुलींना दोन तऱ्हेचा दमा कसा? आपल्या लोकांचा दमा मुळातच वेगळा असतो का? आणि मुंबई सोडून कुडाळला सासरच्या घरी राहायला गेलं तर फरक पडेल का?

ताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, मुंबईतच काम करतो, सरकारी दवाखाना आणि खाजगी प्रॅक्टिस दोन्ही बघितलंय. तुम्हाला तपासल्याशिवाय तुमचं औषध मी सांगू शकत नाही. पण हा प्रश्न ओपीडीत इतक्या जणांच्या मनात असतो की नीट, सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

पहिली गोष्ट. 'गंभीर दमा' म्हणजे खूप धाप लागणारा दमा, असं आपण समजतो. डॉक्टरी व्याख्या तशी नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनविकार संघटनांनी २०१४ मध्ये जी व्याख्या ठरवली, ती सांगते की श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड मोठ्या डोसमध्ये आणि सोबत दुसरं नियंत्रक औषध देऊनही जो दमा आटोक्यात येत नाही, किंवा ती औषधं कमी केली की लगेच उसळतो, तो गंभीर. म्हणजे आधी पूर्ण उपचार, ते नीट घेतले जातायत याची खात्री, आणि मगच हा शिक्का. नेदरलँड्समध्ये हा हिशोब मांडला गेला. दमा असलेल्या शंभर प्रौढांपैकी सतरा-अठरा जणांचा दमा आटोक्यात आणायला अवघड निघाला. त्यातून ज्यांची पंप घेण्याची पद्धत चुकत होती किंवा जे औषध नियमित घेत नव्हते ते बाजूला काढले, तेव्हा खरा गंभीर दमा उरला जेमतेम चार जणांचा.

आता हीच व्याख्या घेऊन मुंबईत या. ज्या बाईने आयुष्यात एकदाही स्टेरॉइडचा पंप नियमित ओढलेला नाही आणि जी दर पावसाळ्यात कॅज्युअल्टीत ऑक्सिजनवर असते, तिचा दमा या व्याख्येत बसतच नाही. ती मरणाच्या दारात जाऊन आली तरी कागदावर तिला 'गंभीर दमा' नाही, 'उपचार न झालेला दमा' आहे. म्हणून लेस्टरचे रुग्ण आणि आपले रुग्ण एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडताना मी फार सांभाळून असतो. तिथे सगळं देऊन झाल्यावर जे उरलं ते मोजलं जातं, इथे पुष्कळदा काहीच न दिल्यामुळे जे झालं ते.

आकडे हेच बोलतात. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३.४३ कोटी रुग्ण आहेत, जगातल्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त! रुग्णांत आठवा हिस्सा आणि मृत्यूंत निम्म्याच्या जवळ. हा फरक रक्तामांसातून आलेला नाही. भारतातल्या नऊ केंद्रांवर मुलं आणि त्यांचे पालक यांची पाहणी झाली, 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या कामाचा भाग म्हणून. ज्यांच्या छातीत घरघर होती अशांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. गंभीर लक्षणं असलेल्यांतही ७० टक्के निदानाविना होते. रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे तर, निदान झालेल्यांमध्येसुद्धा, दहा टक्क्यांपेक्षा कमी.

का होतं असं? लग्नाच्या मुलीला दमा आहे हे कळू नये म्हणून घरचे 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' म्हणतात आणि डॉक्टरही तेच लिहून देतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, या समजुती अजून घट्ट आहेत. त्यामुळे तोंडाने गोळ्या घ्यायच्या आणि जीव घुसमटला की निळा पंप ओढायचा, असं वर्षानुवर्षं चालतं. निळ्या पंपाने श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, आतली सूज तशीच राहते. ही चूक फक्त आपल्याकडची नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूझीलंडमध्ये दम्याच्या मृत्यूंची साथ आली होती, तिचा संबंध फेनोटेरॉल नावाच्या जोरदार पंपाशी जोडला गेला. त्याचा वापर आवरला तसे मृत्यू उतरले. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याने गेलेल्या १९५ जणांच्या कागदपत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४६ टक्के मृत्यूंमध्ये ठरलेली मार्गदर्शक तत्त्वं पाळली असती तर माणूस वाचू शकला असता, असं तज्ज्ञांचं मत पडलं. ज्यांच्या औषधांची नोंद मिळाली त्यांतल्या ३९ टक्के लोकांना वर्षभरात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. म्हणजे श्रीमंत देशात, सरकारी आरोग्यसेवा असतानाही हे घडतं. २०१९ पासून 'जिना' ही जागतिक मार्गदर्शक संस्था स्पष्ट सांगते की प्रौढांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

तुमचा दमा 'गंभीर' आहे की 'नीट उपचार न झालेला', हे आधी तपासायला हवं. आणि ही तपासणी मशीनवर होत नाही, तुमच्या हातातल्या पंपावर होते. मी रुग्णाला सांगतो, घरी जसं घेता तसं माझ्यासमोर घ्या. रोटाकॅप घेणारे पुष्कळ जण कॅप्सूल टाकून हळुवार ओढतात, जसा नेब्युलायझर घेतो तसा. कोरड्या पावडरीला जोरात, एका दमात ओढावं लागतं, नाहीतर औषध जिभेवर आणि घशात बसतं. साध्या फवाऱ्याच्या पंपाचं बरोबर उलटं, तो सावकाश ओढायचा, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर उत्तम. शिवाय मुंबईचा पावसाळा. ऑफिसला न्यायला सोपं म्हणून काही जण आठवड्याच्या कॅप्सूल वेष्टनातून सोडवून छोट्या डबीत ठेवतात. जुलैच्या दमट हवेत ती कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही, आतली पावडर चिकटून गोळा होते. माणूस प्रामाणिकपणे दोन वेळ औषध घेत असतो आणि फुफ्फुसात जवळजवळ काहीच पोचत नाही. वापरून झालेल्या कॅप्सूलमध्ये पावडर उरली आहे का, एवढं पाहिलं तरी कळतं.

हे सगळं सरळ केल्यावरही काही रुग्ण उरतात. तिथून पुढे जागेचा फरक खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि या बाबतीत परदेशातला तक्ता जसाच्या तसा इथे लावला तर रुग्णाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

लेस्टरचंच घ्या. तुमची बहीण जिथे राहते तिथल्या ग्लेनफील्ड हॉस्पिटलने या आजाराचा विचार बदलून टाकला. २००२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की थुंकीतल्या इओसिनोफिल या पेशी मोजून त्यानुसार स्टेरॉइड कमीजास्त केलं तर दम्याचे मोठे झटके खूप कमी होतात: नेहमीच्या पद्धतीत १०९, पेशी मोजून ३५. पुढे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन सरसकट सगळ्या रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा फारसा उपयोग दिसला नव्हता. २००९ मध्ये लेस्टरच्या गटाने ते फक्त इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांना दिलं आणि झटके निम्म्याजवळ आले. म्हणजे गंभीर दमा हा एक आजार नाही, बरेच आजार एका नावाखाली आहेत. तुमच्या बहिणीला बहुधा मेपोलिझुमॅब किंवा ओमालिझुमॅब मिळत असावं, तिच्या रक्तातले इओसिनोफिल किंवा आयजीई (ॲलर्जीत वाढणारं एक प्रथिन) पाहून.

आता मुंबईत एखाद्याच्या रक्तातले इओसिनोफिल वाढून ८०० आले तर? इंग्लंडमधल्या डॉक्टरच्या डोळ्यासमोर लगेच इंजेक्शन येईल. मला आधी जंत आठवले पाहिजेत, कारण जंतांनीही या पेशी वाढतात. मलतपासणी, जंताचं औषध; आणि स्टेरॉइड बराच काळ द्यायचं असेल तर स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत नाही ना हे बघणं, कारण स्टेरॉइडच्या आडोशाने तो अंगभर पसरून माणसाचा जीव घेऊ शकतो. इओसिनोफिल तीन हजारांच्या वर असतील, रात्रीचा कोरडा खोकला असेल आणि माणूस हत्तीरोगाच्या भागातला असेल, पूर्व विदर्भ, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, तर तो दमा नसून 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' असू शकतो. या आजाराचं वर्णनच आपल्या देशातून झालं; १९४० मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग सॅनेटोरियममधल्या डॉक्टरांनी ते केलं आणि १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला हे नाव दिलं. तो डायइथाइलकार्बामाझीनच्या तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. या गोळ्या अगदी स्वस्त आहेत. अशा माणसाला आयुष्यभर पंपावर ठेवणं किंवा महागडं इंजेक्शन देणं हा अन्याय आहे.

दुसरी मोठी गोष्ट बुरशीची. ॲस्परजिलस नावाची बुरशी हवेत सगळीकडे असते, ओल्या भिंतीत, कुजक्या पाल्यात, जुन्या कूलरमध्ये. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत ती मुक्काम करते आणि शरीर तिच्याविरुद्ध प्रचंड ॲलर्जी उभी करतं. त्याला एबीपीए म्हणतात. भारतातल्या दमा क्लिनिकमध्ये याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा ठळकपणे जास्त दिसतं, आणि चंदीगडच्या पीजीआय संस्थेतलं यावरचं काम आज जगभर वापरलं जातं. तपकिरी, रबरासारखे घट्ट बेडके पडणं, एक्सरेत जागा बदलणारे डाग, आणि रक्तातलं एकूण आयजीई खूप चढलेलं. आधी हजारच्या वर असेल तरच विचार करत, २०२४ च्या सुधारित निकषांनी ती रेषा ५०० वर आणली. आपल्याकडे डाग दिसला की टीबीचं औषध सुरू होतं. सहा महिने औषध घेऊनही खोकला, घरघर तशीच, मग आणखी सहा महिने. मी असे रुग्ण बघितलेत ज्यांनी दोनदा टीबीचा पूर्ण कोर्स केला, थुंकीत जंतू एकदाही न सापडता. तोवर श्वासनलिका कायमच्या फुगून सैल झालेल्या असतात. दम्याच्या प्रत्येक रुग्णाची निदान एकदा तरी ॲस्परजिलसची विशिष्ट आयजीई तपासणी व्हायला हवी. तुमची झाली आहे का, हे आधी विचारा.

इथेच एक धोक्याची सूचना देतो. एबीपीएसाठी इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध देतात. हे औषध ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनच्या पंपासोबत घेतलं की पंपातलं स्टेरॉइड शरीरातून बाहेर पडेनासं होतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, शरीरातलं स्टेरॉइड बनवणारी आपली स्वतःची ग्रंथी काम थांबवते. त्वचेच्या डॉक्टरांकडून नायट्यासाठी इट्राकोनॅझोल मिळालेला दमेकरी मुंबईत रोज सापडतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा.

हवेबद्दल बोलल्याशिवाय मुंबईबद्दल बोलता येत नाही. केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकातच मुंबईतले कमीजास्त प्रदूषणाचे भाग आणि ग्रामीण भाग यांची तुलना करून हवेचा छातीवर होणारा परिणाम मांडायला सुरुवात केली होती, त्यामुळे 'आत्ताच कळलं' असं आपण म्हणू शकत नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपली राष्ट्रीय मर्यादा ४०. मुंबईत दम्याचे दोन हंगाम असतात. पावसाने हवा धुतली जाते पण भिंती ओल्या राहतात, गाद्या दमट होतात, धुळीतले किडे आणि बुरशी वाढते, तो एक. आणि नोव्हेंबर ते जानेवारी, वारा पडतो, बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर खाली साचून राहतो, तो दुसरा. दोन्हींच्या मध्ये दिवाळीची साफसफाई येते. माळ्यावरची पितळेची भांडी, जुन्या वह्या, गोधड्या खाली काढताना जी धूळ उडते त्यानंतरच्या दोन दिवसांत ओपीडी भरते, आणि त्यात बहुतेक बायकाच असतात. घरातल्या धुराचंही तसंच. मच्छरांची एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके मोजले गेले आहेत. दहा बाय दहाची खोली, खिडक्या बंद, रात्रभर कॉइल. दाराबाहेरच्या हवेची बातमी होते, या हवेची होत नाही.

कामाची जागा तर कुणी विचारतच नाही. एके काळी गिरणगावात कापसाच्या धुळीने सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, ते दुखणं गिरण्यांबरोबर गेलं. आज पाव बनवणारे भट्टी कामगार आहेत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, चांगलंच झालं, पण कामगाराच्या छातीत जाणारं पीठ भट्टी गॅसची झाली म्हणून थांबत नाही. गव्हाचं पीठ आणि त्यात घालायचं अमायलेज नावाचं एन्झाइम या दोन्हींनी दमा होतो. गाड्यांना स्प्रे पेंट मारणारे, ब्लीच आणि ॲसिड मिसळून संडास धुणारे हाऊसकीपिंगवाले, पार्लरमध्ये केसांना रसायनं लावणाऱ्या मुली, सगळे याच यादीत. ओळखायची खूण साधी आहे: गावी गेलं की पंप लागत नाही, परत आलं की आठवड्यात सुरू. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस यांच्या नोंदी ठेवल्या की कागदावर दिसतं. अशा माणसाला औषधाचा डोस वाढवत नेऊन उपयोग नाही, धुळीपासून दूर करावं लागतं. आणि नोकरी सोड म्हणणं किती सोपं असतं हे मलाही कळतं.

हवा, जागा आणि दमा यांचं नातं किती थेट असू शकतं याची दोन उदाहरणं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. बार्सिलोनात १९८० च्या दशकात ठरावीक दिवशी अचानक दम्याचे झटके आलेले रुग्ण हॉस्पिटलांत लोटायचे. शोध लावला तर ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले. कोठाराला धूळ गाळणारे फिल्टर नव्हते. फिल्टर बसवले, साथी थांबल्या. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला वादळ आलं, रायग्रास गवताचे परागकण दमटपणाने फुटून बारीक झाले आणि खोल फुफ्फुसात गेले. हजारो लोक काही तासांत इमर्जन्सीत पोचले, दहा जण दगावले. त्या रात्रीच्या रुग्णांत भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियातून आलेल्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त होतं, आणि अनेकांना आधी फक्त शिंका-सर्दी होती, दमा म्हणून निदान नव्हतं. म्हणजे इथून तिथे गेलेला माणूस नवं गवत, नवे पराग अंगावर घेतो आणि काही वर्षांनी त्याची छाती त्याला उत्तर देते.

मग रक्ताचा, वंशाचा काहीच वाटा नाही का? आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा या बेटावर मोजक्या पूर्वजांपासून झालेली वस्ती आहे आणि तिथे दमा असलेल्यांचं प्रमाण विलक्षण मोठं आहे. अमेरिकेत पोर्तो रिको आणि मेक्सिको या दोन्हींना एकाच 'लॅटिनो' खान्यात टाकतात, पण पोर्तो रिकोच्या रुग्णांना निळ्या पंपाचा गुण मेक्सिकनांपेक्षा कमी येतो आणि दमा जास्त होतो. मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये दम्याचे मृत्यू गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहेत, त्याचं मुख्य कारण शोधायला घरं, हायवे, विमा आणि दवाखाना यांच्याकडेच जावं लागतं. तुम्ही आणि तुमची बहीण तर एकाच रक्ताच्या.

मोजण्यातही वंश घुसलेला असतो. फुंकण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, तुमचा आकडा 'अपेक्षित'च्या किती टक्के हे छापून येतं. ते अपेक्षित कुणाचं? मशीनमध्ये गोऱ्यांचे जुने आकडे असतील तर निरोगी भारतीय माणूसही कमी भरतो. भारतीयांसाठी ठोकळ कपात लावली तर खराब झालेलं फुफ्फुस ठीक वाटतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या श्वसनविकार संघटनेने वंश न पाहता सगळ्यांना एकच प्रमाण लावायची शिफारस केली. म्हणून तुमचा लेस्टरच्या बहिणीशी तुलना करायचा रिपोर्ट असेल तर टक्के सोडा, लिटरमधला आकडा आणि दर वर्षी तो किती बदलला ते बघा.

आता पैसा. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, ही इंजेक्शनं भारतात मिळतात. खर्च महिन्याला दहादहा हजारांच्या पटीत, आणि वर्षानुवर्षं. इंग्लंडमध्ये तो सरकार उचलतं, पण ठरलेल्या केंद्रातल्या तज्ज्ञांच्या बैठकीत निकष पूर्ण झाल्यावरच. आपल्याकडे निकष पूर्ण होण्याआधी खिसा तपासला जातो. आणखी एक अडचण अशी की ओमालिझुमॅबचा डोस वजन आणि आयजीईच्या तक्त्यावर ठरतो, युरोपात तो तक्ता १५०० ला संपतो. आपल्या एबीपीएच्या रुग्णाचं आयजीई चार हजार, सात हजार येतं. तो तक्त्याबाहेरच.

म्हणून इंजेक्शन मिळालं नाही एवढ्यावर खंत करू नका. साल्वादोर हे ब्राझीलमधलं समुद्रकाठचं, दमट, गर्दीचं शहर, डोंगरउतारावर झोपडवस्त्या. वर्णन ऐकून मुंबईच वाटेल. तिथे २००३ मध्ये 'प्रोआर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला: गंभीर दम्याच्या रुग्णांना स्टेरॉइडचे पंप फुकट, नियमित तपासणी, पंप घ्यायला शिकवणारी माणसं. वर सांगितलेल्या महागड्या इंजेक्शनांचा त्यात भाग नव्हता. तीन-चार वर्षांत शहरातली दम्याची ॲडमिशनं झपाट्याने उतरली. फिनलंडने १९९४ ते २००४ असा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, हॉस्पिटलात घालवलेले दिवस निम्म्यावर आले. मुंबई महापालिकेकडे दवाखान्यांचं एवढं मोठं जाळं आहे. टीबीसाठी आपण घरोघर जाऊ शकतो, तर ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळी करणारं औषध एकत्र), जो राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहे, प्रत्येक दवाखान्यात वर्षभर न चुकता का असू नये? मला हे मनापासून लागतं, कारण या आजारात माणसं तरुण वयात जातात आणि त्यातली बरीच वाचू शकणारी असतात.

तुमच्याकडे परत येतो. वर्षाला तीन-चार कोर्स, हे सहज सोडून देण्यासारखं नाही. ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस म्हणजे २०० मिलिग्रॅम, चार कोर्स म्हणजे ८००. आयुष्यभरातली बेरीज अर्धा ते एक ग्रॅम झाली की मधुमेह, मोतीबिंदू, हाडं ठिसूळ होणं यांचा धोका वाढू लागतो, असं ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून दिसलं आहे. तुम्ही ती रेषा केव्हाच ओलांडली असणार. साखर, डोळे आणि हाडांची घनता तपासून घ्या. गोळ्या सलग बराच काळ चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका.

चेस्टच्या डॉक्टरांकडे जाताना सगळे पंप, वापरलेल्या दोन-चार कॅप्सूल, जुने एक्सरे आणि मागच्या वर्षातल्या कोर्सच्या तारखा घेऊन जा. इओसिनोफिलची तपासणी स्टेरॉइडचा कोर्स संपून महिना झाल्यावर करा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. एकूण आयजीई, ॲस्परजिलसची तपासणी, आणि त्यांना योग्य वाटलं तर एकदा छातीचा सीटी. नाक चोंदणं, वास न येणं, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेतल्यावर त्रास होणं, रात्री घोरणं, छातीत जळजळ, वाढलेलं वजन, यातलं काही असेल तर न विचारता सांगा. एकच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप रोजसाठीही आणि त्रास झाला की तेव्हाही, ही पद्धत तुम्हाला लागू पडेल का तेही विचारा. पूर्ण वाक्य बोलता येत नाही इतकी धाप, ओठ निळसर, किंवा पंपाचा असर चार तासही टिकत नाही, अशा वेळी घरी थांबायचं नाही.

आणि कुडाळ. गुरंढोरं, माती, शेण यांच्या सहवासात वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो याला चांगला आधार आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना यावरच होती. पण ते संरक्षण लहानपणी मिळतं. ४६ व्या वर्षी गावी गेल्याने ते लागू होत नाही. हिवाळ्यात तुम्हाला मुंबईतल्यापेक्षा बरं वाटेल, शक्यता आहे. पावसाळ्यात मात्र कोकणातल्या घराची ओल मुलुंडच्या फ्लॅटपेक्षा जास्त, आंघोळीच्या पाण्याची चूल सकाळ-संध्याकाळ पेटलेली, माळ्यावर पेंढा, उन्हाळ्यात भाजावळीचा धूर, काजूच्या भट्ट्या. एबीपीए निघाला तर तो पेंढा आणि ती ओल तुमच्यासाठी मुंबईच्या ट्रॅफिकपेक्षा वाईट ठरू शकते. घर विकायचा निर्णय घेण्याआधी महिनाभर राहून बघा, एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत, सोबत पीक फ्लो मीटर आणि वही, सकाळ-रात्र आकडा लिहायचा. तिथून रात्री दोन वाजता ऑक्सिजन असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे, गाडी कोण काढेल, हेही त्याच वहीत लिहून ठेवा.